मतदानाचा खाडा

मी औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी, चौदा वर्षं झाली बॅग खांद्याला लागून. गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, हेडक्वार्टर सांगली, आणि महिन्यातले दहा-बारा दिवस आउटस्टेशन, म्हणजे जत, आटपाडी, विटा, कधी पंढरपूर, कधी पार तिकडे अथणीपर्यंत. आमच्या कामात डॉक्टरसमोर मिळतात दोन मिनिटं आणि त्या दोन मिनिटांसाठी बाहेर बाकड्यावर बसावं लागतं दोन-दोन तास, पेशंटबरोबर, त्यांच्या नातेवाइकांबरोबर, त्यामुळे माणसं ऐकायला भरपूर मिळतात. देवाधर्माच्या गप्पा, मॅचच्या गप्पा, राजकारणाच्या गप्पा, सगळं त्या बाकड्यावर चालतं. इतकी वर्षं ऐकून, बघून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज नीट मांडतो. कामासाठी घराबाहेर असलेल्या माणसाला, तो असेल तिथून, त्याच्या गावचं मत देता आलं पाहिजे. ही मेहरबानी मागत नाहीये, हक्क आहे तो आमचा, फक्त तो वापरायची वाट कोणी केलेली नाही.

आधी माझंच सांगतो. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात पाच टप्पे होते, सांगलीचं मतदान ७ मे ला आणि बीडचं १३ मे ला. ७ तारखेला मंगळवारी मला सुट्टी, कारण हेडक्वार्टर सांगली. मार्केट बंद, दवाखाने बंद, शेजारचे सगळे बोटाला शाई लावून आले आणि पोरगी मला विचारते, पप्पा तुम्ही का नाही गेलात. १३ ला सोमवारी माझं मतदान आणि त्या दिवशी टूर प्रोग्रॅमला विटा, वर मॅनेजरबरोबर जॉइंट वर्किंग. मी आधी सांगून बघितलं की सर माझं नाव गावाकडं आहे, तर उत्तर आलं, सात तारखेची सुट्टी घेतली ना, एका इलेक्शनला दोन सुट्ट्या कशा देणार. सांगली ते केज एसटीने गाड्या बदलत आठ-नऊ तास जातात, म्हणजे रविवारी निघायचं, सोमवारी मतदान करून रात्रीचं परत फिरायचं आणि मंगळवारी सकाळी पुन्हा कॉल चालू. नाही गेलो. दुपारी विट्यात एका हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो तेव्हा आईचा फोन आला, "मी आले रं करून. तुज्या नावापुढं रिकामंच हाय म्हनला त्यो पोरगा. येनार हायस का न्हाई?" काय बोलणार. ते 'रिकामंच हाय' अजून कानात आहे माझ्या.

नंतर कळलं की कायदा माझ्या बाजूने होता. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब, मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायचीच आहे, आणि माणूस दुसऱ्या गावी नोकरीला असला, नाव मात्र मतदान असलेल्या मतदारसंघात असलं तरी सुट्टी त्याला लागू आहे हे निवडणूक आयोग दर वेळी सांगतो. मालकाने नाही दिली तर दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे! आमच्या एका दिवसाच्या डीएच्या, म्हणजे रोजच्या भत्त्याच्या, आसपासची रक्कम. आणि समजा सुट्टी मिळालीच असती तरी सतरा-अठरा तासांचा प्रवास काही कमी होत नव्हता. सुट्टी हे त्या माणसासाठी उत्तर आहे ज्याचं बूथ घरापासून दहा मिनिटांवर आहे.

बीडचा तो निकाल लागला ६,५५३ मतांनी. कोण जिंकलं, कोण हरलं हा माझा मुद्दा नाही, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मला एवढंच दिसतं की लाखो मतं पडलेल्या मतदारसंघात फरक साडेसहा हजारांचा, आणि आमच्या एकट्या गावातली चाकण-रांजणगावला कंपन्यांत असलेली पोरं मोजली तरी शंभर-दीडशे भरतील, अशी गावं त्या मतदारसंघात किती. त्यातले काही आले, बरेचसे नाही आले. जे नाही आले त्यांना मत नव्हतं असं कसं म्हणता येईल, मत होतंच, ते द्यायला जागा नव्हती.

पण माझं दुखणं त्या मानाने छोटं आहे. मी पगारी माणूस, ठरवलं असतं तर रजा टाकून, पदरचे हजार-बाराशे घालून जाऊ शकलो असतो. ज्याला ते ठरवताच येत नाही त्याचं बोलू.

२०२४ ची विधानसभा एकाच टप्प्यात झाली, २० नोव्हेंबरला, आणि उसाचा गाळप हंगाम अधिकृतपणे चालू व्हायची तारीख होती १५ नोव्हेंबर. बीडचा माणूस ह्या दोन तारखा शेजारी शेजारी बघितल्या की लगेच समजून जातो. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, ट्रकमध्ये भांडीकुंडी, गाद्या, कोंबड्या, लेकरं, आणि मग पार मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि कुलपं. त्या वर्षी काही टोळ्या मतदानासाठी थांबल्या, काही आधीच फडावर, म्हणजे उसाच्या रानात, पोचल्या होत्या. मतदानाच्या आदल्या आठवड्यात मी वाळवा तालुक्यात एका मेडिकलवर ऑर्डर लिहीत होतो तर काउंटरवर एक बाई आली, "लेकराला दोन दिस झालं ताप हाय, बाटलीतलं औषद द्या." बोलीवरनं ओळखलं मी. म्हणलं, ताई कुठल्या? तर केजकडच्याच निघाल्या, आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटर. म्हणलं नुसतं औषध नका नेऊ, डॉक्टरला दाखवा आधी, समोरच्या दवाखान्यात घेऊन गेलो, आणि मग रविवारी, म्हणजे १७ तारखेला, त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन आलो. लेकरू बरं होतं, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, ढिगावर खेळत होतं.

कारखान्याच्या रस्त्याला लागून ऊस काढून रिकाम्या झालेल्या रानात चाळीस-पन्नास कोप्या. बांबू, चटया, वरून ताडपत्री, आत वाकूनच जायचं. दारात तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापलेला आणि त्यात तुळस. हितली नव्हे, गावाकडनं आणलेली, ट्रकमध्ये मांडीवर धरून. आत मधल्या बांबूला भगवानबाबांचा फोटो आणि त्याच दोरीला खाली विठोबाचा. त्या फोटोंच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी खोचलेली, त्यात आधार, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक आणि मतदान कार्ड. ताईंनी ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "दादा, हे हितं चालत न्हाई का? आधार तर चालतंय." मी औषधाबद्दल काही विचारलं तर लगेच सांगतो, ह्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, चालत नाही एवढंच म्हणालो.

ताईंच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, मग मला हिशोब घालून दाखवला. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडणीचा दर त्या वर्षी टनाला ३६६ रुपये, २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाल्यानंतरचा. एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो, म्हणजे सातशे-साडेसातशे. गावाला जाऊन यायचं तर दोन दिवस गेले, पंधराशे तिथंच बुडाले, दोघांचं भाडं वेगळं, आणि वर खाडा. खाडा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुकादमाकडनं, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडनं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फेडायची म्हणून हे लोक आलेले असतात, एक दिवस कामावर नाही गेलं की त्या दिवसाची मजुरी तर जातेच पण वर दंडाचे पैसे उचलीच्या खात्यावर चढतात. ताप आला तरी खाडा, गावात मयत झाली तरी खाडा. आणि आपल्या देशाचा मूलभूत व्यवहार असलेलं मतदान केलं तरी खाडा.

मग ह्यातून मार्ग काय निघतो? "गाडी येनार हाय म्हनं गावाकडनं," ते म्हणाले. कोणाची गाडी हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ज्याची असेल त्याची. उमेदवाराने मतदारांना बूथवर न्यायला फुकट गाडी पुरवणं हे त्याच कायद्याच्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरण म्हणून लिहिलेलं आहे, पण त्या माणसाला गावी पोचायला दुसरा कोणता रस्ता आहे ते मला कोणी सांगावं. तीनशे किलोमीटर गाडीत बसवून आणलं, वाटेत जेवण दिलं, खाड्याचे पैसे भरून दिले, आता हा माणूस आत जाऊन बटण दाबताना मोकळा असतो का? आमच्याकडं खाल्ल्या मिठाला जागायची रीत आहे आणि गरीब माणूस ती जास्त पाळतो. लोक म्हणतात मतं विकली जातात. मी म्हणतो तुम्ही गरिबाच्या मताला जायला-यायला भाडं लावून ठेवलंय आणि ते भाडं भरू शकणारा एकच माणूस शिल्लक ठेवलाय, उमेदवार. ह्यात दोष कोणाला देणार.

ह्याच खाड्याच्या भीतीचं एक टोक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, मी औषधाच्या धंद्यात आहे म्हणून तर नाहीच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांवर बायकांचं सर्वेक्षण झालं आणि त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, दुखणं काढता येत नाही, फडावर संडास नाही, पाणी नाही, मग पिशवीच काढून टाका. हे काही एका वर्षात झालं नव्हतं. वर्षानुवर्षं चाललेलं होतं, तालुक्याच्या गावी सगळ्यांना माहीत होतं, पण ते विधिमंडळात पोचायला पेपरात बातम्या याव्या लागल्या. का? कारण मत मागायला उमेदवार दारात येतो तेव्हा ह्या बायका दारात नसतात, आणि जिथं असतात तिथल्या उमेदवाराला त्यांच्याशी घेणंदेणं नसतं. वाळव्याच्या आमदाराच्या मतदार त्या नाहीत. केजच्या आमदाराला त्या वर्षातले पाच-सहा महिने दिसत नाहीत. दोन तालुक्यांच्या मधे पडलेली माणसं आहेत ही.

आता मी जे रोज बघतो त्यातलं सांगतो, कारण लोक म्हणतात की फिरत्या माणसाची अशी सोय करणं शक्यच नाही. मला पटत नाही. आपल्याकडं ही सोय शेकडो वर्षं चालू आहे.

आषाढीच्या दिवसांत माझा पंढरपूरचा टूर असतोच, त्या पंधरवड्यात तिकडच्या डॉक्टरांना डायरिया, पाय सुजणं, ताप, डोळे ह्याशिवाय दुसरं काही नसतं. वारीत लाखो लोक अनोळखी गावांतून चालतात, प्रत्येकाचं गाव वेगळं, तालुका वेगळा, आणि तरी तिथं प्रत्येकाला पत्ता असतो. तो पत्ता म्हणजे दिंडीचा नंबर. पालखीच्या रथापुढं अमुक नंबर, रथामागं तमुक नंबर. एकदा वाखरीच्या तळावर सत्तरीची एक आजी मदत केंद्रात आली, चुकली होती, मोबाईल नाही, घरचा नंबर पाठ नाही, थोडी घाबरलेली होती. तिथल्या पोराने फक्त विचारलं, माऊली दिंडी कितवी, रथापुढची का मागची? तिने सांगितलं आणि अर्ध्या तासात तिच्या दिंडीचा विणेकरी तिला घ्यायला आला. ज्या व्यवस्थेचा पत्ता रोज पंधरा-वीस किलोमीटर पुढं सरकतो तिथं माणूस सापडतो, त्याचं जेवण, त्याची झोपायची जागा, त्याचा मान, सगळं त्या फिरत्या पत्त्यावर पोचतं. आणि ह्यात कोणी कोणाला म्हणत नाही की तू मूळ गावात नाहीस तर तुझा विठोबा तुला नाही.

मिरजेचंही तसंच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं, सोलापूरकडनं, पार आमच्या मराठवाड्यातनं पेशंट येतात, आणि ऑपरेशन चालू असताना बाहेरची माणसं कुठं जातात तर मीरासाहेबांच्या दर्ग्यात नाहीतर जवळच्या गणपतीला, कित्येक जण दोन्हीकडं. त्या दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. उन्हात आत जाऊन बसलं की कोणी विचारत नाही कुठनं आला. मी स्वतः फार देवदेव करणारा माणूस नाही पण एवढं मानतो की आपल्या श्रद्धेच्या जागांनी परक्या गावातल्या माणसाची व्यवस्था आधी लावली, सरकारने कधीच नाही.

खेळाचं तर अजून सोपं उदाहरण आहे, क्रिकेट बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेलं. रणजी ट्रॉफीत मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, कर्नाटक अशा संघांच्या बरोबरीने रेल्वे आणि सर्व्हिसेस खेळतात. रेल्वे म्हणजे कुठलं राज्य? कुठलंच नाही. रेल्वेतला माणूस आज भुसावळला तर उद्या हुबळीला, फौजेतला जवान तर कुठंही, म्हणून क्रिकेटवाल्यांनी कैक वर्षांपूर्वीच मान्य केलं की ह्या लोकांना गाव नाही पण संघ पाहिजे. आणि तो संघ नावापुरता नाही, रेल्वेने दोनदा रणजी जिंकलीये, २००१-०२ ला आणि २००४-०५ ला. राष्ट्रीय स्पर्धांत कुस्तीला, कबड्डीला, ॲथलेटिक्सला हेच. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ घेतलं, नोकरी रेल्वेत. आमच्या बीडचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, फौजेत गेला, २०२२ च्या कॉमनवेल्थला स्टीपलचेसमध्ये रौप्य, पुढच्या वर्षी एशियन गेम्सला सोनं. तो जिंकला तेव्हा आष्टीतही पेढे वाटले आणि सांगलीत मीही वाटले. गाव सोडलं म्हणून तो गावचा राहिला नाही असं कोणाच्या मनातही आलं नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला बायकांच्या वर्ल्डकपची फायनल होती, रविवार, मी सोमवारच्या कामासाठी जतला लॉजवर. काउंटरवरच्या छोट्या टीव्हीसमोर आम्ही बारा-तेरा जण, एक ट्रान्सफॉर्मरवाला नागपूरचा, दोघं द्राक्षाचं खत विकणारे, बोअरची गाडी घेऊन आलेली तमिळ पोरं, एक विमावाला, जतचा म्हणून फक्त लॉजचा पोरगा. स्मृती सांगलीची म्हणून मी जरा जास्तच ओरडत होतो. आफ्रिकेची शेवटची विकेट पडली तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि ती तमिळ पोरं आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो, भाषेचा एक शब्द कळत नसताना. त्यानंतर मात्र जेवायला बसलो तेव्हा बोलणं इलेक्शनवर आलं, आणि हिशोब केला तर त्या बारा-तेरा जणांत आदल्या वर्षीच्या विधानसभेला मतदान केलेले निघाले चौघं. चौघं! आणि हे उदासीन लोक नव्हते हो, रात्री बारा वाजता तासभर महागाई, पीकविमा, आरक्षण ह्यावर घसा कोरडा करणारे लोक होते. शहरातले शहाणे म्हणतात लोकांना मतदानाची किंमत नाही, सुट्टी घेऊन फिरायला जातात. काही जात असतील. पण ह्या देशात मत न देणाऱ्यांमध्ये कामावर अडकलेला माणूस किती आहे हे बघा की आधी.

निवडणूक आयोगालाही हे माहीत आहे. २०१९ च्या लोकसभेला ६७.४ टक्के मतदान झालं आणि ३० कोटींच्या वर लोकांनी मत दिलं नाही, आणि त्यामागं स्थलांतर हे एक मोठं कारण आहे, हे आयोगाने स्वतः २०२२ च्या डिसेंबरात सांगितलं. त्याच वेळी त्यांनी एक रिमोट मतदान यंत्र तयार करून दाखवायचं ठरवलं, एका बूथवरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. १६ जानेवारी २०२३ ला सगळ्या पक्षांना बोलावलं, विरोधी पक्षांनी शंका काढल्या, आणि विषय तिथंच राहिला. शंका खोट्या नव्हत्या, मी त्या मानतो. परक्या राज्यात पोलिंग एजंट कुठून आणायचा, आचारसंहिता तिथं लागू नसताना प्रचाराचं काय, स्थलांतरित कोण हे ठरवणार कोण, मशीनवर आधीच लोकांचा विश्वास डळमळीत असताना अजून एक मशीन. पण अडचण निघाली म्हणून प्रश्नच फाईलबंद करायचा हे मला मान्य नाही. मशीनवर विश्वास नसेल तर कागद घ्या. सैन्यातला जवान पोस्टल बॅलटने मत देतोच ना. काश्मीर सोडून यावं लागलेल्या पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रं लागतात, त्यांच्या खोऱ्यातल्या मतदारसंघांसाठी, कित्येक वर्षं. २०२४ ला ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना घरबसल्या मत द्यायची सोय झाली, आमच्या गावात एका आजींकडं सगळा लवाजमा गेला होता, पोलीस, कर्मचारी, कॅमेरा. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी बूथ लावतात हे तर आपण दर वेळी कौतुकाने वाचतो, आणि मलाही त्याचं कौतुकच आहे. एका माणसासाठी जंगलात जाणाऱ्या देशाने कारखान्याच्या दारात पडलेल्या हजारो माणसांसाठी का जायचं नाही?

रेशनचं बघा. पूर्वी रेशन म्हणजे गावचा दुकानदार आणि गावचीच यादी, त्याच्या बाहेर दाणा मिळायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा दोन-दोन राज्यांच्या जोड्या करून हे उघडलं, त्यात महाराष्ट्र-गुजरात होते, आणि जून २०२२ पर्यंत सगळा देश जोडला. अजून अडचणी आहेत, कोयता धरून अंगठे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, दुकानदार म्हणतो माल संपला. तरी तत्त्व म्हणून सरकारने मान्य केलं की माणूस जिथं असेल तिथं त्याच्या हक्काचं धान्य गेलं पाहिजे. मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते २०११ पासून. बँक तर खिशात आली. मतच तेवढं खुंट्याला बांधलेलं राहिलं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. लोक म्हणतात, जिथं राहता तिथं नाव लावा, एक फॉर्म भरायचा असतो. माझ्यापुरतं हे खरं आहे. मी सांगलीत नाव लावू शकतो, पोरगी इथं शाळेत आहे, रस्ता, पाणी, गॅस सगळं इथलं वापरतो. मी लावत नाही कारण आई गावात आहे, दोन एकर रान आहे, विहिरीचं पाणी फेब्रुवारीत तळाला जातं आणि त्यावर बोलणारा आमदार कोण असावा ह्यात मला बोलायचंय. हा माझा निर्णय आहे आणि त्याची थोडी किंमत मी सोसली पाहिजे हेही मान्य. पण फडावरच्या माणसाने कुठं नाव लावायचं? पाच महिने वाळव्यात, तेही एका जागी नाही, ऊस संपला की कोपी पुढं, पुढच्या वर्षी कदाचित कर्नाटकात. त्याचं घर, त्याचं घरकुल, म्हातारे आईबाप, पोरांची शाळा केजमध्ये. आणि कायदा तरी काय म्हणतो, १९५० च्या कायद्यात, कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणूस आपल्या गावचा रहिवासी असणं थांबत नाही. म्हणजे कायदा त्याला गावचाच मानतो. नाव गावात ठेवायचं हे कायद्याने ठरवलं, मग त्या नावापर्यंत त्याचं मत पोचवायचं काम कोणाचं?

म्हणून माझं म्हणणं आहे, सगळ्या देशाचं एकदम करू नका, ते होणार नाही, त्यावर वाद घालण्यात अजून दहा वर्षं जातील. ऊसतोडीपासून सुरुवात करा, आणि तीही राज्याच्या आतल्या आत. बीडचा कामगार सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या कारखान्यावर. दोन्हीकडं मतदान त्याच निवडणुकीचं, आचारसंहिता दोन्हीकडं लागू, पक्ष तेच, एजंट मिळायला अडचण नाही. बीडचे सहा विधानसभा मतदारसंघ, सहा मतपत्रिका, कागदाच्या, कारखान्याजवळच्या शाळेत एक केंद्र, मोजणी बीडला. गावच्या यादीत ज्याने आधी कळवलं त्याच्या नावापुढं खूण, म्हणजे दोनदा मत पडायचा प्रश्न नाही. त्या दिवशी तोडणी बंद, खाडा माफ, हे लेखी. कारखान्याला एक दिवसाचं गाळप कमी पडेल, पडू दे, पाऊस आला की तसंही बंद पडतंच.

कोण कुठं आहे हे कळणार कसं, असं परवा एक डॉक्टर मला म्हणाले. चांगले डॉक्टर आहेत, मनापासून विचारत होते. त्यांना सांगितलं ते इथंही सांगतो. कोणत्या गावची टोळी, मुकादम कोण, कोयते किती, आज कोणाच्या फडात आणि उद्या कोणाच्या, हे सगळं लिहिलेलं असतं, कारण त्याशिवाय उसाची एक मोळी कारखान्यात जात नाही. प्रत्येक टोळीचा कोड नंबर असतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाची ओळखपत्रं आहेत. आणि स्लिपबॉय, म्हणजे कारखान्याचा नोंदी ठेवणारा पोरगा, मोटरसायकलवर फडाफडातनं फिरतो, कोण कामावर होतं आणि कोणाचा खाडा पडला ते टिपतो, आणि रोज संध्याकाळी ती यादी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जमा करतो.